उघडा किती, बंद किती

उत्साही : क्रँकची पुली हातात धरून मागे-पुढे ढकलली की आता ‘टक्’ असा आवाज येतो. बीटलच्या इंजिनात त्या आवाजाचा अर्थ एकच, थ्रस्ट बेअरिंगची जागा झिजली आणि केस उघडायची वेळ आली. बरीच वर्षं मी हे लांबवत आलो, आता टळत नाही. आणि टळत नाहीच म्हटल्यावर एक जुनी इच्छा पुन्हा वर आली आहे. या इंजिनात कॅमशाफ्ट क्रँकच्या खाली, केसच्या दोन अर्ध्यांच्या मध्ये असतो. केस फोडल्याशिवाय त्याला हात लावता येत नाही. अशी संधी वीस-पंचवीस वर्षांत एकदा येते. तेव्हा नुसती बेअरिंगं घालून केस मिटवायची नाही, असं मी ठरवतो आहे. सिलिंडरचा व्यास ८५.५ मिलिमीटरवरून ९०.५ वर न्यायचा, म्हणजे १५८४ सीसीचं इंजिन १७७६ सीसीचं होईल. कॅम २८४ अंशांचा घ्यायचा. हेडमध्ये ४० आणि ३५.५ मिलिमीटरचे व्हॉल्व्ह बसवायचे, आणि मधल्या एकट्या कार्ब्युरेटरऐवजी दोन्ही बाजूंना एकेक. बीटलवाल्यांमध्ये हा मेळ जुना आणि नावाजलेला आहे. पन्नास अश्वशक्तीत खंडाळ्याचा घाट चढताना मागच्या ट्रकचे हॉर्न ऐकत राहणं मला आता नको आहे.

साशंक : काका, हा मेळ मी स्वतः बांधलेला आहे, त्यामुळे तो चालत नाही असं मी म्हणणार नाही. माझी शंका त्याच्या आधीची आहे. हे इंजिन श्वास कमी घेतं, ही त्याची उणीव आहे असं आपण गृहीत धरतो. ती मुद्दाम घातलेली मर्यादा होती. १९३० च्या दशकात पोर्शे यांच्या कचेरीत फ्रान्झ झेवर राइमश्पीस यांनी हे चार सिलिंडरचं चपटं इंजिन आखलं. नव्या जर्मन महामार्गांवर सामान्य माणसाने ॲक्सिलरेटर तळाला टेकवून तासन्‌तास गाडी हाकली तरी ते टिकायला हवं होतं. म्हणून त्याचं तोंड बारीक ठेवलं. युद्धानंतरच्या ११३१ सीसीच्या इंजिनाला २५ अश्वशक्ती, तीही ३३०० आरपीएमला. त्याच्या पुढे ओढायला त्याला हवाच मिळायची नाही. गाडीचा कमाल वेग हाच तिचा दिवसभर चालायचा वेग, असं कंपनी अभिमानाने सांगायची. पाण्याने थंड होणारं इंजिन तापलं की काटा चढतो, वाफ निघते, माणूस गाडी बाजूला घेतो. हवेने थंड होणाऱ्या या इंजिनात तशी काही सूचना मिळत नाही. हेड भाजत असतं आणि ड्रायव्हर गाणी ऐकत असतो. म्हणून तिथे बारीक पोर्टच राखणदार म्हणून उभा केला. तुम्ही कॅम आणि हेड बदलता तेव्हा त्या राखणदारालाच घरी पाठवता.

उत्साही : पण त्याला सगळ्यात आधी घरी कोणी पाठवलं? ज्यांनी उभा केला त्यांच्याच घरातल्यांनी. १९४८ साली ऑस्ट्रियातल्या ग्म्युंडमध्ये पोर्शे नावाची पहिली गाडी तयार झाली, तिच्या पोटात फोक्सवॅगनचंच ११३१ सीसीचं इंजिन होतं. हेडमधले व्हॉल्व्ह मोठे केले, कॉम्प्रेशन वाढवलं, कार्ब्युरेटर दोन केले, आणि २५ च्या ३५ अश्वशक्ती झाल्या. सिलिंडर तेवढाच, फरक फक्त श्वासाचा. पुढे फोक्सवॅगननेही तेच केलं. आधी हेडमधल्या दोन सिलिंडरना मिळून एकच पोर्ट असायचा. १९७१ च्या मॉडेलपासून १६०० च्या इंजिनाला प्रत्येक सिलिंडरमागे स्वतंत्र पोर्ट मिळाला आणि ४००० आरपीएमला ५० अश्वशक्ती आल्या. म्हणजे तुझी ती मर्यादा कायम सरकत आली आहे. आता माझा हिशोब बघ. मी सिलिंडर बारा टक्क्यांनी मोठा करतो आहे. हेड आणि कॅम मूळचेच ठेवले तर जे इंजिन ४००० ला धापा टाकायचं, ते साडेतीन हजारांच्या आसपासच टाकायला लागेल. मोठं पोट आणि बारीक घसा अशी अवस्था होईल. घसा मोठा करणं ही माझी हौस आहे असं तू म्हणशील, पण पोट मोठं केल्यावर ती गरज होते.

साशंक : साडेतीन हजारांना धाप लागणारं मोठं इंजिन वाईटच, असं कशावरून? चौथ्या गिअरमध्ये ताशी शंभरला तुमची गाडी साधारण तीन हजार फेऱ्यांवर असते. शहरात तर दोन-अडीच हजारांच्या वर तुम्ही जातच नाही. त्या पट्ट्यात बारीक पोर्टमधून हवा वेगाने आत येते, पेट्रोल तिच्यात नीट मिसळतं, गाडीला पिकअप मिळतो. पोर्ट मोठा केला की त्याच फेऱ्यांवर हवा सुस्तावते.

आणि जागा बघा. ३५.५ चा इनटेक व्हॉल्व्ह ४० चा केला की त्याचं क्षेत्रफळ सत्तावीस टक्के वाढतं. ती जागा कुठून येते? शेजारच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बाजूचा धातूच पातळ होतो. दोन सीटांच्या मधला तो पूल म्हणजे अख्ख्या हेडमधली सगळ्यात तापणारी जागा. तडे जातात ते तिथे, नाहीतर प्लगच्या भोकापासून सीटपर्यंत.

शिवाय तुम्ही हेड बघता ते पोर्टच्या बाजूने. मी आधी फिन्स बघतो. एकदा खोक्यातून काढलेलं कोरं हेड मी उजेडापाशी नेलं आणि एक्झॉस्टच्या बाजूच्या फिन्समधून टॉर्च धरला. पलीकडे उजेड आलाच नाही. ओतकामात साच्याच्या जोडावर धातूचा पापुद्रा उरतो, त्याने हवेची वाट पूर्ण बुजली होती. लांब कानस घालून तो काढायला मला अर्धा दिवस लागला. त्या हेडचे पोर्ट मात्र सुरेख घासलेले होते. विकणाऱ्यालाही ठाऊक असतं, गिऱ्हाईक कुठल्या भोकात डोकावणार ते.

आणखी एक. मूळ इंजिनात पिस्टन वर आल्यावर उरणारी जागा सुमारे ६१ सीसी धरा. सिलिंडर ३९६ सीसीचा, म्हणजे कॉम्प्रेशन ७.५. उरलेली जागा तेवढीच ठेवून सिलिंडर ४४४ सीसीचा केला की तेच कॉम्प्रेशन जवळपास ८.३ होतं. कुणी काही ठरवलं नाही, तरी वाढलं. ती उष्णता त्या पातळ पुलावरच जाणार.

उत्साही : मोजल्याशिवाय हेड चढवणार नाही, एवढं तरी तुझ्या वर्कशॉपमध्ये बसून शिकलो आहे. हेड उलटं ठेवायचं, प्लग घट्ट करायचा, व्हॉल्व्हच्या कडांना बोटाने ग्रीस लावायचं, वर भोक पाडलेली ॲक्रिलिकची चकती चिकटवायची आणि ब्युरेटमधून रंगवलेलं रॉकेल थेंब थेंब सोडायचं. शेवटचा बुडबुडा भोकातून निघाला की आकडा लिहायचा. चारही चेंबर सारखे निघेपर्यंत घासत बसायचं. त्यामुळे ८.३ हा आकडा नकळत येणार नाही, मी तो मागून घेणार आहे. आणि इथेच मला वाटतं, कॅम आणि हेड यांना तू वेगवेगळं धरतोस.

कॉम्प्रेशनचा कागदावरचा आकडा असं धरतो, की पिस्टन तळाशी असतानाच इनटेक व्हॉल्व्ह मिटला. प्रत्यक्षात तो उशिरा मिटतो. पिस्टन वर यायला लागलेला असतो, व्हॉल्व्ह अजून उघडा असतो, आणि थोडं मिश्रण आल्या वाटेने परत ढकललं जातं. खरी दाबायची क्रिया त्यानंतर सुरू होते. लांब ड्युरेशनचा कॅम हा क्षण आणखी पुढे नेतो. म्हणून त्याच्याबरोबर ८.३ घेतलं तरी खालच्या फेऱ्यांवर सिलिंडरमध्ये प्रत्यक्ष साठणारा दाब तुला वाटतो तेवढा चढत नाही. उलट मूळच्या साडेसातवर हा कॅम घातला तर गाडी सिग्नलवरून उठायलाच कुरकुर करेल, आणि आखूड कॅमवर ८.३ दिलं तर चढावर ॲक्सिलरेटर दाबताच नॉकिंग ऐकू येईल. म्हणजे कॅम एका दुकानातून, हेड दुसऱ्या दुकानातून आणि पिस्टन जे मिळतील ते, अशी खरेदी चालत नाही. तिन्ही मिळून निर्णय एकच असतो. तो नीट घेतला तर तुझी निम्मी भीती उरत नाही.

साशंक : निम्मी उरत नाही हे खरं, राहिलेल्या अर्ध्याचं काय ते सांगतो. उशिरा मिटणाऱ्या व्हॉल्व्हचा हा आधार खालच्या फेऱ्यांपुरता असतो. फेरे वाढले की आत येणाऱ्या हवेलाच जोर चढतो, पिस्टन वर यायला लागला तरी ती आत घुसत राहते. लांब कॅमचं कौतुक त्यासाठीच. पण मग सिलिंडर पुरता भरतो, आणि तिथे ८.३ म्हणजे खरोखर ८.३ च असतं. थोडक्यात, कॅम तुम्हाला संरक्षण देतो तुम्ही ताकद मागत नसता तेव्हा, आणि काढून घेतो नेमकी मागता तेव्हा.

दुसरं असं की हा निर्णय तीनवर थांबत नाही. लांब कॅममध्ये एक्झॉस्ट मिटायच्या आत इनटेक उघडतो. या ओव्हरलॅपमुळे आयडलिंगला धूर इनटेकमध्ये उलटा फिरतो. मूळच्या मधल्या कार्ब्युरेटरची नळी लांब असल्यामुळे तिच्यात सगळा गोंधळ होतो, म्हणून दोन कार्ब्युरेटर आले. त्यांचे दांडे दोन्ही बाजूंना सारखे ओढले गेले पाहिजेत, ते जुळवणं आलं. स्प्रिंगा कडक हव्यात, त्या कडक केल्या की कॅम आणि लिफ्टरच्या तोंडावर दाब वाढला. फेरे वाढले की क्रँकचा प्रश्न येतो, कारण मूळच्या क्रँकला काउंटरवेट नाहीत. वरच्या फेऱ्यांवर तो वाकतो आणि मॅग्नेशियमच्या केसमधल्या बेअरिंगच्या जागा ठोकत राहतो. तुमची आत्ता बिघडली आहे ती तसलीच जागा. त्यात पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉलमध्ये मुळातच ऑक्सिजन असतो, म्हणून जुन्या जेटवर मिश्रण पातळ होतं. त्याचा ऑक्टेन चांगला म्हणून नॉकिंग कमी होईल हे कबूल, पण जेट न वाढवता गाडी चालवली तर हेड तापायला आणखी एक कारण. एक कॅम बदलायचा म्हणून सुरुवात होते, काका, आणि शेवटी इंजिनात मूळचं फक्त नाव उरतं.

उत्साही : क्रँक काउंटरवेटचा घेईन, जेट बदलेन. मी यादी लांबल्याने घाबरत नाही, यादी अपुरी राहिली तर घाबरेन. पण उष्णतेबद्दल तू बोलतोस ते मला पुरतं पटत नाही. बीटलचा पंखा गाडीच्या वेगावर फिरत नाही, इंजिनाच्या फेऱ्यांवर फिरतो. क्रँकच्या पुलीवरून पट्टा डायनॅमोवर जातो आणि त्याच शाफ्टच्या दुसऱ्या टोकाला पंखा असतो. म्हणून या गाडीला सगळ्यात जास्त काय भाजत असेल तर वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबून रडतखडत चढणं. भार पूर्ण आणि पंखा मंद. घाटात मी आज हेच करतो, कारण तिसरा ओढत नाही आणि दुसरा टाकला तर मागची रांग हॉर्न वाजवते.

ताकदीचं इंजिन जास्त तापतं, असं आपण सरसकट म्हणतो. पण त्याच घाटात, त्याच वेगाने, तेवढीच माणसं घेऊन चढायला लागणारी ताकद ठरलेली आहे. मूळचं इंजिन ती ॲक्सिलरेटर तळाला नेऊन देतं, माझं नवं इंजिन अर्ध्यावर देईल. उष्णता वापरलेल्या ताकदीतून येते, अंगात असलेल्या ताकदीतून येत नाही. पैलवानाने पिशवी उचलली म्हणून त्याला घाम येत नाही.

साशंक : हे वाक्य मी मान्य करतो, आणि माझ्या मागच्या बोलण्यातली एक चूकही. मी ताकदीला आणि उष्णतेला एकच समजून बोलत होतो. त्यांच्यामध्ये ॲक्सिलरेटरवरचा पाय असतो. पण त्या पायाबद्दलच मला एक सांगायचं आहे.

काही वर्षांपूर्वी मी एका गृहस्थांना असंच इंजिन बांधून दिलं होतं. मोठा कॅम, ४० चे व्हॉल्व्ह, दोन कार्ब्युरेटर. पहिले चार महिने त्यांचा फोन आला तो फक्त आनंदाचा. मग एके दिवशी गाडी तीन सिलिंडरवर चालायला लागली. हेड काढलं. तिसऱ्या सिलिंडरच्या चेंबरमध्ये दोन सीटांच्या मध्ये केसाएवढी काळी रेघ. नखाने चाचपली तर नख अडकलं. एक्झॉस्टची सीट हलायला लागली होती. त्या गाडीत पंख्याची जुनी पेटी होती, म्हणजे ऑइल कूलर पेटीच्या आतच, तिसऱ्या सिलिंडरच्या हवेच्या वाटेत उभा. त्या सिलिंडरला कायम तेलाने तापलेली आणि अडलेली हवा मिळते. १९७१ च्या मॉडेलपासून कंपनीने तो कूलर वेगळ्या कप्प्यात नेला, तो याचसाठी. इंजिनाभोवतीचे दोन पत्रेही नव्हते, इंजिनाच्या खोलीचं रबर कडेने फाटलं होतं, खालची गरम हवा पंखाच परत आत ओढत होता. हे सगळं बांधताना माझ्या डोळ्यांसमोर होतं. मी त्यांना म्हणालो होतो, पत्रे नंतर बघू. चूक माझी होती, आणि ती मी विसरलेलो नाही. पण माझ्या लक्षात राहिलं ते त्यांचं एक वाक्य. ते म्हणाले, आधी मी ऐंशीच्या वर कधी गेलोच नव्हतो, या इंजिनाने मला एकशेवीसची सवय लावली. तुमच्या घाटाच्या उदाहरणात वेग तोच राहतो, काका. गाडी बदलल्यावर वेग तोच ठेवणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

उत्साही : म्हणजे तू कॅमवर ठपका ठेवतोस, आणि पुरावा देतोस पत्र्यांविरुद्ध. कूलर बाहेरच्या कप्प्यात, सगळे पत्रे जागेवर, रबर नवं, प्लगखाली तापमानाचा सेन्सर, एवढं करून तेच इंजिन बांधलं असतं तर? तुला उत्तर माहीत नाही, मलाही नाही. पण या गोष्टी मूळच्या इंजिनालाही लागतातच, तेव्हा त्या आधी करायच्या यावर आपलं एकमत आहे.

आता माझा खरा मुद्दा. हेड मी पुढेही बदलू शकतो. इंजिन उतरवायचं, नट सोडायचे, हेड हातात. एका सुट्टीचं काम. कार्ब्युरेटर तर उभ्या गाडीत बदलतो. कॅमसाठी मात्र केस फोडायला लागते. जी गोष्ट पुन्हा बदलता येणार नाही तिच्यात थोडी जागा राखून ठेवावी, हे शहाणपण आपण घर बांधताना वापरतो. पाया दोन मजल्यांचा घालतो, मग एक मजला बांधतो. कॅम मोठा घेऊ, हेड आज ३५.५ चंच राहू दे. वाटलं तर पुढे ४० चं आणू.

साशंक : इथे घराचं उदाहरण उलटं लागू पडतं. जास्तीचा पाया एका मजल्याला त्रास देत नाही. जास्तीचा कॅम लहान हेडला रोज त्रास देतो, कारण घसा बारीकच राहतो आणि वर मिश्रण परत ढकललं जातं. खालचं गमावलं, वरचं मिळालं नाही. मी तर म्हणेन, बदलता येत नाही म्हणूनच कॅम लहान घ्या. लहान कॅम पुढे मोठा करता येतो. मूळचे रॉकर १.१ पट उचलतात, १.२५ चे बसवले की तोच कॅम व्हॉल्व्ह जास्त उचलतो. रॉकर बदलायला केस फोडावी लागत नाही. पुशरॉडची लांबी पुन्हा मापायची, रॉकरचा कोन अर्ध्या उचलीला नीट बसवायचा, झालं. मोठा कॅम लहान करायची मात्र कुठलीच युक्ती नाही.

आणि कॅमचा जन्म पहिल्या वीस मिनिटांत ठरतो, हे विसरू नका. नवा कॅम आणि नवे लिफ्टर, इंजिन चालू झाल्यावर आयडलवर ठेवायचं नाही, दोन हजारांच्या आसपास फिरवत ठेवायचं, तेलात जस्ताचं प्रमाण पुरेसं हवं. स्प्रिंगा जितक्या कडक तितकी ती वीस मिनिटं अवघड. एक लोब जरी घासला तरी लोखंडाची पूड तेलाबरोबर सगळ्या बेअरिंगांत जाते. आणि या इंजिनात एकेक लोब समोरासमोरच्या दोन सिलिंडरना चालवतो, त्यामुळे एक घासला की दोन सिलिंडर गेले.

उत्साही : रॉकरची युक्ती चांगली आहे, पण ती काय वाढवते ते बघ. ती उचल वाढवते, वेळ फारसा वाढवत नाही. दार जास्त उघडेल, पण उघडं राहील जवळपास तेवढाच वेळ. वरच्या फेऱ्यांवर सिलिंडरला कमी पडतो तो वेळ. तो फक्त कॅमच्या पोटात कोरलेला असतो. म्हणून तुझा लहान कॅम ‘पुढे मोठा’ होतो तो एकाच दिशेने. दुसरी दिशा केस मिटताना मिटलीच.

साशंक : वेळ. हा शब्द तुम्ही काढला ते बरं झालं, कारण इतका वेळ मी त्याच्याभोवती फिरत होतो. क्रँकचे दोन फेरे, म्हणजे ७२० अंश, एवढ्यात व्हॉल्व्हचं एक चक्र पुरं होतं. तुमच्या कॅमवर तो २८४ अंश उघडा. म्हणजे मिटलेला ४३६ अंश. आपण दोघंही २८४ चीच चर्चा करतो. पण एक्झॉस्ट व्हॉल्व्ह लालभडक धुरात उभा असतो आणि त्याची बरीचशी उष्णता उतरते ती सीटमार्गे, म्हणजे तो सीटवर टेकलेला असतानाच. थोडी गाइडमधून जाते, बाकीची या ४३६ अंशांत. सीटमधून हेडमध्ये, हेडमधून फिनमध्ये, फिनमधून हवेत. लांब कॅम उघड्या वेळात जे अंश घालतो ते या मिटलेल्या वेळातूनच काढून घेतो.

आता मघाचा पूल आठवा. ४० चा व्हॉल्व्ह हवेसाठी जी जागा घेतो, ती उष्णता वाहून नेणाऱ्या धातूची. म्हणजे हेडमध्ये मिलिमीटर आणि कॅममध्ये अंश, दोन्हीकडे भांडण एकच आहे. श्वास आणि थंडावा एकाच जागेवर हक्क सांगतात. पाण्याच्या इंजिनात सीटच्या पाठीमागे पाणी खेळवून ही तंगी बरीचशी सोडवता येते. इथे त्या पुलामागे फक्त आणखी धातू आहे आणि मग वारा.

उत्साही : हे असं मी कधी मांडून पाहिलं नव्हतं. मी समजत होतो की मी ताकद मागतो आहे आणि तू टिकाऊपणा. खरं तर दोघंही शिल्लक मागतो आहोत. चढावर पाय अर्ध्यावर राहावा म्हणून मला श्वासाची शिल्लक हवी. पाय तळाला गेला तरी हेड सुखरूप राहावं म्हणून तुला थंडाव्याची. आणि दोन्ही शिल्लक ठेवायची तिजोरी एकच. मग मी माझा प्रश्न बदलतो. सर्वात जास्त ताकद कुठल्या कॅमची, हे मी आता विचारणार नाही. अडीच ते साडेतीन हजार, या माझ्या रोजच्या पट्ट्यात सिलिंडर नीट भरायला किती अंश पुरतात, तेवढेच घ्यायचे. कदाचित २८४ हून एक पायरी खालचा कॅम, आणि हेड ३५.५ चं पण पोर्टची आतली वळणं हाताने नीट केलेली. महिनाभर आरपीएमचा काटा लावून वहीत लिहितो, कुठल्या फेऱ्यांवर किती मिनिटं जातात.

साशंक : वही लिहाच, मी स्वतः पहिलं पान आखून देतो. पण तिच्यातून उत्तर निघेल असं मला वाटत नाही. ती वही तुमच्या जुन्या इंजिनाने लिहिलेली असेल. पन्नास अश्वशक्तीच्या गाडीत माणूस कुठे किती चालवतो, एवढंच तिच्यात दिसेल. नव्या इंजिनाने तुम्हाला कुठली सवय लावली ते कळेल तेव्हा केस मिटलेली असेल. त्या गृहस्थांच्या वहीत ऐंशीच दिसले असते. आणि खरं सांगायचं तर ही अडचण माझ्या बाजूलाही तेवढीच आहे. मी लहान कॅम घालून दिला आणि तुम्ही घाटात तो तळाला दाबून तिसऱ्या गिअरमध्ये रडवत राहिलात, पंखा मंद आणि भार पूर्ण, तर माझ्या सावधपणानेच हेड भाजलेलं असेल. हेही मला केस मिटवताना कळणार नाही.

उत्साही : मग निवड इंजिनाची नाहीच, असं म्हणायचं का तुला? आपल्या पायाबद्दल आपण काय मानतो त्याची आहे?

साशंक : तेवढ्यावर सोडून दिलं तर मला इंजिन बांधायला उरतं काय? पायावर भरवसा ठेवणं तुमचं काम, पुलावर ठेवणं माझं. एवढं मी ठरवलं आहे की काम कुठल्या क्रमाने करायचं. आधी पत्रे, रबर आणि कूलर. मग हेडच्या फिन्समधून टॉर्चचा उजेड पलीकडे येतो का ते बघायचं. मग दोन सीटांच्या मधला पूल कॅलिपरने मोजायचा आणि चेंबर ब्युरेटने. ते आकडे कागदावर आल्यावरच कॅमची ऑर्डर द्यायची, त्याआधी नाही. हेडने आधी सांगू दे त्याला किती वेळ मिटून राहायला लागतं. उरेल तो वेळ उघडायला.

उत्साही : आणि मी म्हणेन, घाटाने आधी सांगू दे किती वेळ उघडं राहायला लागतं, उरेल तो वेळ मिटायला. बेरीज दोघांचीही सातशे वीसच येणार. सुरुवात कुठून करायची, एवढाच वाद उरला आहे, आणि तो एवढासा नाही. केस फोडायला कधी येतोस?

साशंक : हेड मोजून झाली की.